गॅरेजला ग्रिडचं सीलिंग करायचंय, वर बाथरूम आहे आणि खाली सीएनजी गाडी, कसं करू?

नेरुळ_रोहाउस
नमस्कार मंडळी. नेरुळला आमचं जुनं रो हाउस आहे, खाली ११ बाय २० फुटांचं गॅरेज, पुढे रोलिंग शटर, स्लॅब ९ फूट ४ इंचावर. गाडी एर्टिगा, सीएनजी. सकाळी मी गाडी घेऊन ऑफिसला गेलो की दिवसभर तिथे आईचं शिवणकाम चालतं. मागच्या भिंतीला तिचं मशीन आणि कटिंगचं टेबल आहे. ब्लाउज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस, गेली १४ वर्षं ती हे करतेय आणि सेक्टरमधल्या अर्ध्या बायका तिच्याकडेच येतात.

प्रॉब्लेम असा आहे की स्लॅबचे पोपडे पडतात. आधी नुसता रंग सुटायचा, आता प्लास्टरचे तुकडे येतात. मागच्या आठवड्यात एका काकूंची पैठणी फॉलसाठी टेबलावर पसरलेली होती तिच्यावर तळहाताएवढा तुकडा पडला, साडी झटकून साफ झाली, काकू काही बोलल्या नाहीत पण आई रात्रभर झोपली नाही. त्या मागच्या भागावर बरोबर आमचं पहिल्या मजल्यावरचं बाथरूम येतं आणि तिथे कोपऱ्यात ओलीचा पिवळा डाग आहे, पावसात जास्त दिसतो पण उन्हाळ्यातपण पूर्ण जात नाही.

दोघांना बोलावलं होतं. एक म्हणाला पीओपी करा. दुसरा म्हणाला पीव्हीसी पॅनल लावतो, ११० रुपये फूट, एका दिवसात काम, ओल परत दिसणारच नाही. माझा मेहुणा म्हणतो ग्रिडचं सीलिंग लाव, म्हणजे स्लॅबपासून टांगलेली पट्ट्यांची चौकट आणि त्यात २ बाय २ च्या टाइल, आपण दोघं दोन रविवारात करू. मला ग्रिडचं पटतंय कारण आईला चांगला उजेड पण पाहिजे, सध्या एका ट्यूबलाइटवर काळ्या कपड्यात काळा दोरा ओवते. पण टाइल कुठली घ्यायची, किती खाली घ्यायचं, शटरचा डबा आत आहे त्याचं काय करायचं, आणि घरी करण्यासारखं आहे का हे काम, कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

सीलिंगवाला_घणसोली
दादा मी हेच काम करतो २२ वर्षं झाली. ग्रिडच बरोबर आहे तुमच्यासाठी, पीओपी नाय आणि पीव्हीसी तर अजिबात नाय. कारण साधं आहे, ग्रिडची टाइल हाताने वर उचलली की बाजूला होते, वर काय चाललंय ते बघता येतं, आणि वर बाथरूम असलेल्या जागेला तेच पाहिजे. पीओपी आणि जिप्समचं बंद सीलिंग केलं की एक नळाचा जॉइंट बघायला पण तोडावं लागतं.

टाइल कॅल्शियम सिलिकेटची घ्या. जिप्समची दिसायला छान आणि स्वस्त पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, ती पोटातून खाली येते, कागद सुटतो. मिनरल फायबरची ऑफिसात एसीमध्ये ठीक, गॅरेजमध्ये नको. ॲल्युमिनियमची टाइल सगळ्यात टिकाऊ, बजेट असेल तर तीच लावा. ग्रिड पण बघून घ्या, खाडी जवळ आहे तुमच्या, पातळ पत्र्याची टी, म्हणजे टाइल जिच्यावर बसते ती पट्टी, दोन पावसाळ्यात कडेने गंजते. जिथे जिथे टी कापाल तिथे कापलेल्या तोंडाला झिंकचा पेंट लावायचा, हे आमच्यातले पण बरेच जण करत नाहीत.

आता माप. शटरच्या डब्याला धक्का लावू नका, त्याची स्प्रिंग आज ना उद्या बदलायला लागणार. डब्यासकट पुढची दीड फूट जागा सोडून सीलिंग संपवा आणि तिथे जीआय चॅनल (जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी) आडवं मारून तोंड बंद करा. म्हणजे सीलिंग झालं ११ बाय साडेअठरा, मिलिमीटरमध्ये ३३५० बाय ५६४०. आता घरी करणारे इथेच चुकतात, एका भिंतीपासून पूर्ण टाइल लावत सुटतात आणि दुसऱ्या भिंतीला चार बोटांची पट्टी येते. मधून सुरू करायचं. ३३५० मध्ये ६०० च्या पाच बसतात पण मग कडेला १७५ ची चिंधी उरते, म्हणून चारच पूर्ण घ्या, दोन्ही कडेला ४७५ येईल. लांबीत आठ पूर्ण आणि दोन्ही टोकाला ४२०. म्हणजे आडव्या ६ आणि उभ्या १०, टाइल ६०. पाच जास्त आणा, कापताना तुटतात, आणि दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही.

मेन टी, म्हणजे मुख्य पट्ट्या, लांबीच्या दिशेने तीन, भिंतीपासून ४७५, १६७५ आणि २८७५ वर. मेन टी ३६०० ची येते, एका लाईनला दीडपेक्षा थोडी जास्त लागते म्हणून दोन धरा, तिन्ही लाईनचे जॉइंट एकाच रेषेत आणू नका. प्रत्येक मेन टीला १२०० च्या आत टांगणी. वॉल अँगल, म्हणजे भिंतीला कडेने मारायची पट्टी, साधारण १८ मीटर, ३ मीटरच्या सहा लांब्या, शटरच्या बाजूला चॅनल येणार म्हणून पाचात होईल तरी सहाच घ्या.

स्लॅबपासून ९-१० इंच खाली घ्या म्हणजे साडेआठ फूट उंची राहील. चार बोटांपेक्षा कमी जागा ठेवली तर टाइल तिरकी करून आत सरकवताच येत नाही. लेव्हल लेझरने मारा, नसेल तर पाण्याची लेव्हल ट्यूब, ती खोटं बोलत नाही. स्लॅबच्या लेव्हलवर विश्वास ठेवून माप खाली आणू नका, जुना स्लॅब एक इंच तरी वरखाली असतो.

निवृत्त_अभियंता_ठाणे
वरच्या भाऊंनी मापं फार नीट सांगितली आहेत. पण सीलिंगला हात लावायच्या आधी माझं ऐका, मी ३१ वर्षं सरकारी इमारतींची दुरुस्ती बघितली आहे.

तुम्ही म्हणता प्लास्टरचे तुकडे येतात. हे फक्त प्लास्टर आहे की आतली सळी गंजून काँक्रीटच ढकलतेय, हे आधी कळलं पाहिजे. सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, खालचं काँक्रीट फोडूनच बाहेर येतो. तुम्ही एक करा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला गॉगल, छोटी हातोडी घ्या आणि स्लॅब वीतभर अंतराने हलकेच ठोकत जा. चांगला भाग टणटण वाजतो, सुटलेला भाग डबडब पोकळ वाजतो. पोकळ भाग खडूने रंगवत जा. शेवटी खालून फोटो काढा, नकाशा तयार होईल. पडलेल्या तुकड्याला आतल्या बाजूने तपकिरी रेष असेल किंवा स्लॅबवर सरळ रेषेत चीर दिसत असेल तर ती सळीची खूण आहे.

ज्या भागाला पोकळ आवाज येतो तिथे डॅश फास्टनर (टांगणीसाठी स्लॅबमध्ये मारायचा लोखंडी बोल्ट) मारणं म्हणजे फुगलेल्या भिंतीवर खुंटी ठोकणं. आज धरेल, एका जोरदार पावसानंतर टांगणीसकट खाली येईल, आणि खाली तुमच्या आई बसलेल्या असतात.

दुसरं म्हणजे पाणी. ते कुठून येतंय हे शोधायला तोडफोड लागत नाही. बाथरूमच्या नानी ट्रॅपला, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून जातं त्या भोकाला, कापडाचा घट्ट बोळा मारा, फरशीवर इंचभर पाणी भरा, २४ तास ठेवा. तेवढा वेळ बाथरूम वापरू नका. खालचा डाग वाढला तर फरशीच्या खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. डाग वाढला नाही, आणि मग बोळा काढून पाणी सोडलं की दोन-तीन तासांत ओल दिसली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पाइपच्या जॉइंटमध्ये. आणि दोन दिवस बाथरूम कोरडं ठेवून, काहीही न वापरतासुद्धा ओल येत राहिली तर नळाची आतली लाइन बघा. या तीन गोष्टींचे खर्च वेगवेगळे आहेत, काही वेळा काम फक्त ट्रॅपचं असतं आणि लोक अख्खी बाथरूम फोडून बसतात.

ओल दिसणार नाही असं जो म्हणाला त्याला काम देऊ नका. पाणी थांबल्यावर स्लॅब सुकू द्या, सुटलेलं काँक्रीट सळीपर्यंत काढा, सळी तारेच्या ब्रशने चकचकीत करा, गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टरने भरा. सळी पाव भागाच्या वर झिजली असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा, ते काम हौशी माणसाचं नाही.

कळव्याचा_मंदार
काकांनी सांगितलं तसं रिपेअर केलं की सीलिंगची गरजच काय उरते? स्लॅब दुरुस्त करा, पांढरा रंग मारा, दोन एलईडी बॅटन लावा, संपलं. उघडा स्लॅब डोळ्यासमोर असतो, काही झालं की लगेच दिसतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी पार्किंगला सीलिंग केलंय, पहिल्याच पावसात वर उंदीर झाले, रात्री नुसता खडखडाट.

वर्षा_ऐरोली
मंदार तुमचं म्हणणं अर्धं पटतं पण मी गॅरेजमध्ये आठ वर्षं ट्यूशन घेतलीये, त्यामुळे उघड्या स्लॅबखाली दिवसभर बसणं काय असतं ते सांगते. धूळ पडते, मे महिन्यात वरून उष्णता येते, कारण आमच्या गॅरेजवर मजला नाही नुसता टेरेस आहे, आणि मुलांच्या वह्यांवर रंगाची भुकटी. आम्ही सहा वर्षांपूर्वी ग्रिड केलं आणि मुलांना उजेड मिळाला याचा मला आजही आनंद आहे. चार टाइलच्या जागी २ बाय २ चे एलईडी पॅनल टाकले, सावली जवळजवळ नाही. शिवणकामाला तर ते फारच उपयोगी. फक्त एक, पॅनल नुसतं ग्रिडवर ठेवू देऊ नका, त्याला स्लॅबला बांधलेली स्वतःची तार पाहिजे. आणि पंखा कधीच ग्रिडला नाही, पंख्याचा हुक थेट स्लॅबमधून आणि टाइलला भोक पाडून दांडा खाली.

चूक आमच्याकडून झाली ती टाइलची. मिनरल फायबर लावली, दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध पोट सुटलं सगळ्या टाइलना, जणू ओल्या पापडासारख्या. बदलून कॅल्शियम सिलिकेट टाकल्या, त्या अजून सरळ आहेत. उंदरांचं मंदार बरोबर बोलतायत, ते पाइपच्या भोकातून आणि शटरच्या डब्याच्या फटीतून येतात. प्रत्येक भोकाला बारीक स्टीलची जाळी आणि सिमेंट. आम्ही ते केलं आणि वर जुनी पुस्तकं ठेवायची सवय बंद केली. त्यानंतर आवाज नाही. सीलिंगच्या वर सामान ठेवायचंच नाही, ते ओझं धरण्यासाठी बनलेलं नसतं.

रोहाउस दादा, आईंना नमस्कार सांगा. त्यांचं मशीन कुठे बसतं ते आधी ठरवा आणि मग पॅनलची जागा, मशीनच्या थोडं डावीकडे, म्हणजे उजव्या हाताची सावली सुईवर येत नाही.

घोडबंदर_गॅरेज
माझं स्वतःचं सर्व्हिस गॅरेज आहे, सीएनजीच्या गाड्या रोज हातातून जातात, आणि वरच्या कुणीच सीएनजीचं बोललं नाही म्हणून लिहितोय, हे नीट वाचा.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा. गळती झाली तर तो वर जातो. पेट्रोलची वाफ उलटी, ती जमिनीलगत राहते. आज तुमच्या गॅरेजमध्ये भिंतीच्या वरच्या बाजूला सिमेंटची जाळी असेल, गॅस आपोआप बाहेर जातो. सीलिंग केलं आणि ती जाळी सीलिंगच्या वर गेली तर दोन गोष्टी होतात. गॅरेजची हवा कोंडते, आणि टाइलच्या फटीतून वर गेलेला गॅस त्या नऊ-दहा इंचाच्या पोकळीत साचतो, जिथे तुमचे वायरचे जॉइंट आहेत. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरे.

घाबरवत नाहीये, अशी गॅरेज व्यवस्थित करता येतात. वरची जाळी अजिबात बुजवू नका, समोरासमोर दोन असतील तर उत्तम. सीलिंगमध्ये तीन-चार ठिकाणी टाइलऐवजी जाळीची टाइल टाका, दुकानात एग क्रेट म्हणून मिळते, म्हणजे खालची हवा वर आणि वरची बाहेर. भिंतीला खालीपण, वीतभर उंचीवर, एक जाळी पाडा, पेट्रोलसाठी आणि ताजी हवा आत येण्यासाठी. सीलिंगच्या वर वायरचा एकही उघडा जॉइंट नको, सगळं पाइपमधून, जॉइंट बंद डब्यात, स्विच शक्यतो गॅरेजच्या बाहेर. पीव्हीसी पॅनल नको म्हणाले ते या कारणानेपण बरोबर, ते जळतं तेव्हा त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आणि दाट धूर निघतो.

आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर ३ वर्षांनी लागते, तुमची तारीख बघा. त्यात २०० बारच्या आसपास प्रेशर असतं. आई कामाला बसायच्या आधी शटर पूर्ण उघडून दहा मिनिटं राहू द्या आणि वास आला तर लाइट लावायची पण नाही आणि बंद पण करायची नाही, आहे तसं ठेवून बाहेर यायचं. गाडीची डिक्की उघडून उंची मोजा, ती टाइलला लागता कामा नये.

नेरुळ_रोहाउस
सगळ्यांचे मनापासून आभार. सीएनजीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मेहुण्याला पण नाही. वरती दोन्ही बाजूला जाळी आहे, एका बाजूची मागच्या मालकाने सिमेंटने बुजवलेली होती, ती आज सकाळी फोडली. डिक्की उघडून मोजली, पावणेसात फूट, साडेआठला चालेल. हायड्रो टेस्ट पुढच्या फेब्रुवारीत आहे. आता हातोडीचं आणि बाथरूमचं करून सांगतो. आईला वर्षाताईंचा मेसेज वाचून दाखवला, ती म्हणाली डाव्या बाजूचा उजेड बरोबर आहे, त्या बाईंना शिवण येत असणार.

वर्षा_ऐरोली
थोडं येतं, आईकडून शिकलेले. 🙏

नेरुळ_रोहाउस
अकरा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला. बोळा मारून २४ तास पाणी ठेवलं, डाग होता तेवढाच राहिला. बोळा काढून पाणी सोडलं, साधारण अडीच तासांनी कोपऱ्यात थेंब धरला, आई आणि मी खाली स्टुलावर उभं राहून बघत होतो. म्हणजे काका म्हणाले तसं ट्रॅपच. प्लंबरने ट्रॅपभोवतीच्या चार फरश्या काढल्या, जुना ट्रॅप आणि पाइप यांचा जॉइंट पूर्ण सुटलेला होता, नवीन बसवून भोवती वॉटरप्रूफिंग केलं. अख्खी बाथरूम वाचली.

हातोडीचा नकाशा केला. मागच्या कोपऱ्यात साधारण ४ बाय ३ फूट पोकळ वाजतंय आणि तिथे दोन सळ्या तपकिरी दिसल्या, बाकी स्लॅब टणटणीत. आईचं टेबल तात्पुरतं हॉलमध्ये हलवलंय, कुणालाच त्या कोपऱ्याखाली बसू देत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर शनिवारी येतायत. प्रश्न एवढाच, स्लॅब सुकायला किती वेळ द्यायचा, आणि मॉर्टर भरलेल्या भागात टांगणी घ्यायची का?

निवृत्त_अभियंता_ठाणे
टेबल हलवलंत हे सगळ्यात महत्त्वाचं केलंत. सळीची जाडी शनिवारी ते मोजून सांगतील, त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नका. सुकण्याचं दिवसांत सांगता येत नाही. दीड-दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा कागद डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, सकाळी आतून घाम दिसला तर अजून ओल आहे. सलग दोन-तीन दिवस कोरडा राहिला की पुढचं काम. मॉर्टर भरलेल्या भागात टांगणी टाळा.

सीलिंगवाला_घणसोली
त्या कोपऱ्यातून टांगणी घ्यायची गरजच नाय. टांगणीची जागा मेन टीच्या रेषेत पुढेमागे सरकवता येते, दोन टांगण्यांत १२०० च्या वर अंतर जाऊ नये एवढंच. अंतर जास्त होत असेल तर चांगल्या स्लॅबवर दोन्ही बाजूंनी फास्टनर मारून मधे जीआय चॅनल आडवं टाका आणि टांगणी त्या चॅनलला. प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रूवर कुठेच नाय. फोटो टाका शनिवारनंतर, आणि टाइल कापताना मास्क लावा दोघांनी, त्या टाइलची धूळ वाईट असते.

नेरुळ_रोहाउस
टाकतो. मास्क आज आणले.